घरसंसार आणि प्रभूवरचा विश्वास: नेहमी विचारले जाणारे प्रश्न

रविवारी उपासना संपल्यावर चर्चच्या आवारात चहाचा कप हातात धरून, नाहीतर रात्री उशिरा व्हॉट्सॲपवर, आपल्या पुण्यातल्या बाया आणि हल्ली पुरुषसुद्धा जे विचारतात ते इथे एकत्र केलंय. मी पाळक नाही, समुपदेशनाची डिग्री पण नाही, महिला मंडळ आणि घरगुती प्रार्थनासभा बरीच वर्षं बघते एवढंच. काही उत्तरं लांबलीयेत, काही दोन ओळीत आटोपलीत, कारण काही प्रश्नांना खरंच तेवढंच उत्तर आहे.

रोज कौटुंबिक प्रार्थना व्हावी असं वाटतं पण वेळच जुळत नाही. हे हिंजवडीहून नऊला येतात, मुलीचा क्लास, सासूबाई आठलाच झोपतात. काय करू?

आधी तो "रोज संध्याकाळी सात वाजता सगळे चटईवर" हा फोटो डोक्यातून काढा. आपल्या आजी-आजोबांच्या वेळी नाना पेठेत, घोरपडीत, खडकीत ते जमायचं कारण माणूस सायकलवरून सहाला घरी असायचा, घरात टीव्ही नव्हता आणि लाईट गेली की तसंही सगळे एकत्रच बसायचे. आता वडगावशेरीहून हिंजवडीला जाऊन येणाऱ्याचा अर्धा जीव रस्त्यावरच जातो, तो घरी येतो तेव्हा त्याला देव नको असतो असं नाही, त्याला आधी पाणी आणि दहा मिनिटं शांतता हवी असते.

जमतंय तेवढ्यावर सुरुवात करा. एक घर माहितीय, ते सकाळी डबे भरताना ओट्यापाशी उभ्या उभ्या एक स्तोत्र वाचतात, वाचायचं काम धाकट्याकडे, तो अडखळतो, सगळे हसतात, झालं. शनिवारी रात्री मात्र सगळे बसतात, एक गाणं, मग आठवड्यात काय चांगलं झालं काय वाईट झालं ते प्रत्येकानं सांगायचं, मग प्रार्थना, वीस मिनिटात खल्लास. सासूबाई लवकर झोपत असतील तर त्यांच्याजवळ संध्याकाळी पाच मिनिटं बसून प्रार्थना करा, सगळ्यांनी एकाच वेळी बसलंच पाहिजे असं बायबलमध्ये कुठेही लिहिलेलं नाही.

आणि एक, प्रार्थनेत प्रवचन नको. "हे प्रभू, माझ्या लेकराला मोबाईल बाजूला ठेवायची बुद्धी दे" ही प्रार्थना नाही, टोमणा आहे, आणि मुलांना तो बरोब्बर कळतो.

मला मोठ्यानं प्रार्थना करता येत नाही, शब्दच सुचत नाहीत.

मग प्रभूची प्रार्थना म्हणा, तीच येशूनं शिष्यांना शिकवली ती काय उगाच? एखादं स्तोत्र वाचा. कॅथलिक असाल तर रोझरीची जपमाळ आहेच. रोमकरांस ८:२६ मध्ये पौल, म्हणजे नव्या करारातली बरीच पत्रं लिहिणारा प्रेषित, सरळ म्हणतो की काय मागावं ते आपल्याला कळत नाही, तेव्हा पवित्र आत्मा आपल्यासाठी कण्हतो. म्हणजे ही अडचण पौलाला पण माहिती होती.

मोठा मुलगा कॉलेजला गेल्यापासून चर्चला येतच नाही. लोक विचारतात, लाज वाटते.

लाज कोणाची वाटते ते आधी स्वतःला विचारा, त्याच्यासाठी जीव तुटतोय की लोकांसाठी. दोन्ही असू शकतं, पण त्याला मात्र ते लगेच कळतं.

येशूच्या स्वतःच्या घरातसुद्धा हे सगळं झालेलं आहे बरं का. मार्क ३:२१ वाचा, घरच्यांना वाटलं ह्याचं डोकं फिरलंय आणि ते त्याला धरून न्यायला निघाले. बारा वर्षांचा असताना तो यरुशलेमेत मागे राहिला, आईबाप तीन दिवस शोधत होते आणि सापडल्यावर मरियेनं जे विचारलं ते कुठल्याही आईनं विचारलं असतं, असं का केलंस रे आमच्याशी. म्हणजे पवित्र कुटुंबातही मूल आईबापाला कळलं नाही असे दिवस होते.

लूक १५ मधल्या उधळ्या पुत्राची गोष्ट सगळ्यांना पाठ आहे पण तिचा शेवट कोणी नीट वाचत नाही. आपला वाटा घेऊन घर सोडून गेलेल्या धाकट्याच्या मागे बापानं माणसं पाठवली नाहीत, वाट बघितली, आणि लांबून दिसल्याबरोबर धावत गेला. पण थोरला, जो घरातच होता, रोज राबत होता, तो रागावून बाहेर उभा राहिला, तर बाप त्याच्याकडे पण बाहेर गेला, त्याचं ऐकून घेतलं. आपण घरात राहिलेल्या पोरांना गृहीत धरतो, ती पण कधीकधी बाहेरच उभी असतात.

त्याच्याशी एकदा बोला, उपदेश नाही, नुसतं विचारा का येत नाहीस. बऱ्याचदा कारण देव नसतोच, कारण असतं चर्चमधले कोणीतरी काका जे दर रविवारी पॅकेज किती मिळणार विचारतात, नाहीतर कोणीतरी केसांवरून बोललेलं असतं, नाहीतर तरुण संघातली ग्रूपबाजी. कधीकधी मात्र खरंच प्रश्न असतात, विज्ञानाचे, दुःखाचे, तेव्हा "असं बोलू नये" म्हणून गप्प करू नका. कलस्सैकरांस ३:२१ बापांना उद्देशून आहे, पोरांना चिडवू नका, त्यांचं मन खचेल. हे वचन आपल्याकडे भिंतीवर लावलेलं मी तरी कोणाच्या घरी पाहिलं नाही.

काहीही झालं की नवरा बायबल उघडून "पत्नींनो, पतीच्या अधीन असा" दाखवतो. ह्यावर काय बोलणार?

त्यांना सांगा एक ओळ वर जा. इफिसकरांस ५:२२ च्या आधी ५:२१ आहे, तिथे सगळ्यांनाच सांगितलंय की ख्रिस्ताच्या भयानं एकमेकांच्या अधीन असा. आणि खाली ५:२५ ला पतीसाठी जे आहे ते जास्त अवघड आहे, ख्रिस्तानं मंडळीवर जशी प्रीती केली आणि स्वतःला तिच्यासाठी दिलं तशी प्रीती करा. म्हणजे मरेपर्यंत. ह्याच्यापुढे भाजीत मीठ कमी पडलं म्हणून वचन दाखवणारा माणूस टिकत नाही.

माझं मत विचाराल तर बायबलमधलं जे वचन तुमच्यासाठी लिहिलंय तेवढं तुम्ही पाळा, दुसऱ्यासाठी लिहिलेलं दुसऱ्याला वाचू द्या. नवऱ्यानं २५ वाचावं, बायकोनं २२ वाचावं, दोघांनी मिळून २१ वाचावं. घरातली निम्मी भांडणं उलट वाचल्यामुळे होतात. हे बायकांनाही लागू आहे, नवऱ्याला पेत्राच्या पत्रातलं "पत्नीला मान द्या, नाहीतर तुमच्या प्रार्थना अडतील" हे (१ पेत्र ३:७) दर दोन दिवसांनी ऐकवणाऱ्या भगिनी पण आहेत आपल्यात.

नवरा मारतो. पाळकसाहेब म्हणाले क्रूस समजून सहन कर, प्रभू बदलेल.

नाही. इथे गोलमोल बोलणार नाही. येशूनं क्रूस स्वतःहून घेतला, तुमच्यावर कोणी हात उचलतोय तो क्रूस नाही, तो गुन्हा आहे. त्याला क्षमा करायची की नाही, कधी करायची हा पुढचा प्रश्न, आधी तुम्ही आणि मुलं सुरक्षित जागी जा. क्षमा म्हणजे परत त्याच खोलीत जाऊन राहणं नव्हे. दावीद त्याच्या जिवावर उठलेल्या शौल राजाला क्षमा करत होता, दोनदा जिवंत सोडलं त्याला, पण त्याच्या भाल्याच्या टप्प्यात परत राहायला गेला नाही.

महिला हेल्पलाईन १८१, तातडीचं असेल तर ११२. कौटुंबिक हिंसाचाराचा २००५ चा कायदा सगळ्या धर्माच्या बायकांना लागू आहे, त्यात फक्त मार नाही तर शिवीगाळ, मानसिक छळ, पैसे अडवून ठेवणं हे पण येतं, आणि राहत्या घरातून तुम्हाला असंच बाहेर काढता येत नाही. संरक्षण अधिकाऱ्याकडे तक्रार करता येते. वकिलाचे पैसे नाहीत म्हणून थांबू नका, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून बायकांना मोफत वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो. प्रार्थना आम्ही करूच, पण पोलिस स्टेशनला सोबत यायला पण मंडळातली कोणीतरी येईल, हक्कानं सांगा.

सासूबाईंशी पटत नाही. रूथ-नामीचं उदाहरण ऐकून ऐकून कान किटले.

किटणारच, कारण ते नेहमी सुनेलाच ऐकवलं जातं. गंमत म्हणजे "तू जाशील तिथे मी येईन, तुझे लोक ते माझे लोक" हे आपण लग्नात नवरा-नवरीसाठी वाचतो, पण रूथ ते सासूला म्हणालीय, तेही नवरा वारल्यानंतर, जेव्हा तिला माहेरी जायची पूर्ण मोकळीक होती. आणि ती मोकळीक कोणी दिली? नामीनं. दोन्ही सुनांना तिनं सांगितलं, जा बायांनो, तुमच्या आईकडे जा, नवीन संसार थाटा. सुनेला धरून ठेवणारी सासू नव्हती ती. स्वतःच्या कडवटपणाबद्दल पण नामी खोटं बोलत नाही, बेथलेहेमात परत आल्यावर बायकांना म्हणते मला नामी नका म्हणू, मारा म्हणा, म्हणजे कडू. आणि पुस्तकाच्या शेवटी गावातल्या बायका तिला म्हणतात की तुझी ही सून सात मुलांपेक्षा भारी आहे. सासवांच्या बैठकीत हे चौथं प्रकरण वाचायला घ्या असं मी कधीची म्हणतेय.

बाकी व्यवहाराचं म्हणाल तर दोन खोल्यांच्या घरात एक ओटा आणि दोन बायका असतील तर भांडण होणार, त्याला अध्यात्मिक कारण शोधायची गरज नाही. कामं वाटून घ्या, वेळा वाटून घ्या, आणि नवऱ्याला निरोप्या बनवू नका, त्याला जे सांगता ते मीठ-मसाला लावूनच पलीकडे पोचतं.

नोकरी, घर, मुलं, परत चर्चचं काम, सगळं मीच करते. थकले म्हटलं तर लोक मार्था-मरिया सुनावतात.

लूक १० मध्ये येशू घरी आल्यावर मार्था कामात अडकते आणि बहीण मरिया त्याच्या पायाशी ऐकत बसते, त्यावरून "तू मार्था झालीयेस" म्हणणारे पुरुष जेवायला मात्र वेळेवर बसतात. तुम्ही निर्गम १८ वाचा. इस्राएल लोकांचा पुढारी मोशे सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटाच लोकांचे तंटे सोडवत बसलेला, सासरा इथ्रो भेटायला येतो आणि बघून म्हणतो, हे काही बरं नाही करत तू, असं केलंस तर तूही झिजून जाशील आणि लोकही, माणसं नेम, कामं वाटून दे. आणि मोशेनं ऐकलं. देवाशी समोरासमोर बोलणारा माणूस सासऱ्याचं ऐकतो तर आपण घरात कपडे वाळत घालायचं काम नवऱ्याला का देऊ नये? वर्षभर संडे स्कूल सोडलंत तरी चालेल, कोणीतरी दुसरं उभं राहतं.

घरात मी एकटीच विश्वासणारी आहे. नवरा, सासर हिंदू. गणपतीत फार ओढाताण होते.

पुण्यात राहून गणपतीचे दहा दिवस टाळता येणार नाहीत, त्यामुळे हा प्रश्न दर भाद्रपदात येतो. १ करिंथकरांस ७:१२ पासून वाचा. जोडीदार विश्वासणारा नसेल पण एकत्र राहायला राजी असेल तर सोडू नका असं पौल लिहितो. म्हणजे तुमचा संसार काही दुय्यम दर्जाचा नाही.

आपल्याच मातीतलं उदाहरण बघा. ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला आणि त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंच्या पायाखालची जमीनच सरकली, काही वर्षं दोघं वेगळे राहिले, मुलगा लहान. परत एकत्र आल्यावरही लक्ष्मीबाई बरेच दिवस आपलं सोवळंओवळं पाळतच होत्या, आणि टिळकांनी त्यांना ओढून चर्चमध्ये नेलं नाही. त्यांचं त्यांनाच पटलं तेव्हा, १९०० साली, त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पाच वर्षं गेली मधे. आणि त्या पाच वर्षांत दोघांनी किती भोगलं ते लक्ष्मीबाईंनी स्वतःच्या आठवणींमध्ये इतकं मोकळेपणानं आणि हसत खेळत लिहिलंय की आजही वाचताना हसू पण येतं आणि पोटात तुटतं पण.

आता गणपतीचं. आरतीला उभं राहायचं का, प्रसाद घ्यायचा का, ह्यावर आपल्यात वेगवेगळी मतं आहेत, मूर्तीला वाहिलेल्या अन्नाबद्दलचे १ करिंथकरांस ८ आणि १० दोन्ही अध्याय शांतपणे वाचा आणि तुमच्या मनाला जे पटेल ते करा. पण मोदक वळायला, पाहुण्यांचा चहा करायला, सासूबाईंचे पाय दुखतायत म्हणून धावपळ करायला कुठल्याच वचनाची आडकाठी नाही. जे करणार नाही ते आधीच, सणाच्या आठवडाभर आधी, नवऱ्याला नीट सांगा. ऐन आरतीच्या वेळी तोंड पाडून आत जाऊन बसू नका.

मुलाला शाळेत कोणीतरी "तुम्ही फॉरेनच्या धर्माचे" म्हणालं. घरी येऊन रडला. काय सांगू?

त्याला सुट्टीच्या दिवशी घेऊन बाहेर पडा. नाना पेठेत, क्वार्टर गेटजवळ सिटी चर्च आहे, त्याची जागा सवाई माधवराव पेशव्यांच्या काळात, १७९२ साली मिळालेली. तिथून पुढे गुरुवार पेठेत पंच हौदचं चर्च, १८८५ सालचं. मग एखाद्या रविवारी दौंडकडे जाणाऱ्या गाडीनं केडगावला न्या, पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन दाखवा, आणि सांगा की संस्कृतच्या ह्या पंडितेनं मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून सगळं बायबल मराठीत आणलं. टिळकांची भजनं तर तो लहानपणापासून म्हणतोच आहे, ती ओवी-अभंगाच्या चालीची आहेत हे दाखवून द्या. पोराला वादात जिंकायला शिकवू नका, आपण इथलेच आहोत हे त्याला माहिती असलं की पुरतं.

नवरा गेला, मूल लहान आहे. सगळे म्हणतात प्रभूवर भार टाक. पण रात्री काय करू?

ताई, ह्याला माझ्याकडे सोपं उत्तर नाही. रमाबाईंचंच सांगते. १८८२ मध्ये नवरा कॉलऱ्यानं गेला तेव्हा लेक मनोरमा वर्षाची पण नव्हती. माहेर उरलं नव्हतं, आईवडील आधीच दुष्काळात गेलेले. त्या पुण्यात आल्या, आर्य महिला समाज काढला, पुढे १८८९ ला मुंबईत शारदा सदन सुरू केलं ते पुढच्या वर्षी पुण्यात आणलं, आणि नंतर केडगाव. दुष्काळातल्या शेकडो मुली-बायकांना घर दिलं. पण हे सांगताना लोक पुढचं सांगत नाहीत, की मनोरमा, एकुलती एक लेक, जी सगळं काम सांभाळत होती, ती १९२१ मध्ये आईच्या आधी गेली, आणि १९२२ मध्ये रमाबाई. विश्वासामुळे त्यांचं दुःख टळलं असं झालं नाही, दुःखात त्या एकट्या राहिल्या नाहीत आणि दुसऱ्यांना एकटं राहू दिलं नाही.

रात्रीचं म्हणाल तर स्तोत्र १३ वाचा, सहाच वचनं आहेत, "किती वेळ, प्रभू" अशी सुरुवात आहे. रडत वाचा. आणि एका बाईचा नंबर ठरवून ठेवा जिला अकरा वाजता फोन केला तर चालेल.

पाच वर्षं झाली मूल नाही. प्रार्थनासभेत एक भगिनी म्हणाली विश्वास कमी पडतोय.

त्या भगिनीला योहान ९ वाचायला द्या, जन्मांध माणूस बघून शिष्य विचारतात पाप कोणाचं, ह्याचं का आईबापाचं, आणि येशू म्हणतो कोणाचंच नाही. सगळं गमावलेल्या ईयोबाच्या मित्रांनी पण पहिले सात दिवस छान काढले, गप्प जमिनीवर बसून राहिले त्याच्याबरोबर. तोंड उघडलं आणि सगळं बिघडलं.

डॉक्टरकडे जाणं म्हणजे अविश्वास नाही. शुभवर्तमान लिहिणारा लूक स्वतः वैद्य होता (कलस्सैकरांस ४:१४), आणि पौलानं तीमथ्याला पोटाच्या तक्रारीवर थोडा द्राक्षारस घे असं लिहिलंय, नुसती प्रार्थना कर असं नाही. फक्त तपासण्या दोघांच्या करा, सासरी नेहमी आधी सुनेलाच पाठवतात.

बायकोला डिप्रेशन आहे असं डॉक्टर म्हणतात. ख्रिस्ती माणसाला डिप्रेशन कसं येईल?

दादा, एलीया संदेष्ट्याला आलं होतं. १ राजे १९, झुडपाखाली बसून पुरे आता, माझा जीव घे म्हणतो. देवदूत त्याला रागावत नाही, भाकरी आणि पाणी देतो, झोपू देतो, उठवून परत खायला देतो. बोलणं नंतर. तुम्ही पण तेच करा, स्वयंपाक, झोप, गोळ्या वेळेवर. गोळ्या डॉक्टरला न विचारता बंद करू नका, कितीही मोठ्या सेवकानं सांगितलं तरी. टेलिमानस १४४१६ हा मानसिक आरोग्यासाठीचा सरकारी नंबर मोफत आहे, मराठीत बोलता येतं, दिवसरात्र चालू असतो. जीव द्यायचं बोलली तर ते मनावर घ्या, एकटं सोडू नका.

म्हाताऱ्या आईवडिलांचा खर्च की चर्चचा दशांश, म्हणजे कमाईचा दहावा भाग?

मार्क ७:९ ते १३. आईबापाला द्यायचं ते "देवाला वाहिलंय" म्हणून टाळणाऱ्यांना येशूनं चांगलंच सुनावलंय. क्रूसावर असताना सुद्धा त्यानं आईची सोय लावली, योहानाकडे सोपवलं. त्यामुळे आईची औषधं आधी. कर्ज काढून दान करा, बी पेरा, शंभरपट येईल असं सांगणाऱ्यांपासून लांब राहा, एवढंच म्हणेन. आईवडिलांसाठी १४५६७ ही ज्येष्ठांची हेल्पलाईन पण लिहून ठेवा.

प्रार्थनेसाठी सांगितलेली गोष्ट सगळ्या मंडळीत पसरली.

"प्रार्थनेसाठी सांगते हं, कोणाला बोलू नकोस" हे वाक्य जिथे सुरू होतं तिथे मी उठून चहा ठेवायला जाते. घरातली नाजूक गोष्ट एकाच माणसाला सांगा, तो ह्याआधी दुसऱ्याचं तुमच्याकडे बोललेला नाही ना एवढं तपासून. ग्रूपवर टाकायचं असेल तर "आमच्या घरासाठी प्रार्थना करा" इतकंच. प्रभूला डिटेल्स माहिती आहेत.

आम्ही दोघंच, नवीन लग्न झालंय. एकत्र वाचायला कुठून सुरुवात करावी?

मार्कच्या शुभवर्तमानापासून. सोळा अध्याय आहेत, रोज एक, आलटून पालटून मोठ्यानं वाचायचा. जुनी भाषा जड जात असेल तर सोप्या मराठीतली प्रत घ्या. वाचून झाल्यावर ह्यातून काय शिकलो असं विचारू नका, ते शाळेसारखं होतं, काय पटलं नाही ते विचारा, गप्पा आपोआप होतात. ज्या दिवशी भांडण झालंय त्या दिवशी वाचन बुडवू नका, पण अध्याय निवडू पण नका, क्रमानं जो येईल तोच, नाहीतर समोरच्याला बरोब्बर लागेल असा उतारा शोधण्यातच अर्धा तास जातो.